चेहऱ्यामागचा मेंदू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून १९७३मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटासा लेख छापून आला. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात तपासलेल्या आठ मुलांची हकिकत त्यात होती. मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती, तीन वेगवेगळ्या वंशांतली होती. तरीही भावंडे वाटावीत इतके त्यांच्या चेहऱ्यांत साम्य होते. डोळ्यांच्या फटी आखूड, चेहऱ्याचा मधला भाग दबलेला, डोके लहान. अंगाची वाढ खुंटलेली आणि समज वयाच्या मागे. आठही जणांत समान धागा एकच होता. त्यांच्या आया दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या होत्या आणि गरोदरपणीही पीत होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस याच डॉक्टरांनी दुसरा लेख लिहिला आणि या लक्षणसमूहाला नाव दिले : फीटल अल्कोहोल सिंड्रोम.

श्रोतेहो, माणूस काही हजार वर्षे दारू गाळतो आहे आणि तितकीच वर्षे पितोही आहे. मग आईने घेतलेली दारू पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करते, हे वैद्यकशास्त्राला कळायला १९७३ साल का उजाडावे लागले? मी बालरोगतज्ज्ञ आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण या प्रश्नाने मला जुनी कागदपत्रे वाचायला लावली आणि वाचता वाचता लक्षात आले की गोष्ट उशिरा कळली असे म्हणणे पुरेसे खरे नाही. ती पुष्कळदा दिसली होती आणि दर वेळी नजरेआड झाली होती.

आपल्याकडचा दाखला आधी घेतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भाला बाधक अशा आचरणांची एक यादी आहे. नित्य मद्य पिणाऱ्या स्त्रीचे मूल सतत तहानलेले, अल्प स्मृतीचे किंवा अस्थिर चित्ताचे निपजते, अशा आशयाचे वाक्य तिथे आहे. स्मृती आणि चित्ताची स्थिरता! आजचा मानसतज्ज्ञ या मुलांबद्दल जे सांगतो त्यातले दोन महत्त्वाचे मुद्दे नेमके हेच. हे वाचून कुणालाही अभिमान वाटेल. पण त्याच यादीत पुढे-मागे नजर टाकावी. भांडखोर स्त्रीचे मूल अपस्मारी होते आणि सतत मासे खाणारीच्या मुलाच्या पापण्या उशिरा लवतात, असेही तिथे आहे. हे खरे असते तर आपल्या कोकणकिनाऱ्यावर पापणी लवायचीच बंद झाली असती. तेव्हा चरकाचार्यांना सगळे ठाऊक होते असा डंका पिटण्यात अर्थ नाही. कुणीतरी बारकाईने पाहिले होते, एवढे मात्र मानावे लागते. ते पाहणे पुढे तपासून घेतले गेले नाही.

युरोपातही असेच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये जिन ही दारू इतकी स्वस्त झाली की गरीब वस्त्यांतून तिचा पूर आला. १७२६ साली लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने पार्लमेंटला अर्ज केला, त्यात या दारूपायी मुले दुबळी आणि रोगट जन्मतात अशी तक्रार होती. विल्यम होगार्थचे ‘जिन लेन’ हे १७५१ सालचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. नशेत धुंद बाई पायऱ्यांवर बसली आहे आणि तिच्या हातून तान्हे मूल खाली पडते आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत हे चित्र या आजाराचा जुना पुरावा म्हणून हटकून छापतात. मला ते पटत नाही. चित्रातली आई मुलाची हेळसांड करते आहे, गर्भाबद्दल चित्र काहीच सांगत नाही. आणि हाच घोळ पुढे दोनशे वर्षे चालला. पिणाऱ्या आईचे मूल खुरटलेले दिसले की ते हेळसांडीने, उपासमारीने किंवा वाईट रक्ताने तसे झाले, असे म्हणून लोक मोकळे होत.

हा गुंता पहिल्यांदा सोडवू पाहिला तो विल्यम सलिव्हन या तुरुंगाच्या डॉक्टरने. सलिव्हन लिव्हरपूलच्या तुरुंगात काम करत होता. तिथे दारूच्या व्यसनाने पिचलेल्या स्त्रिया वारंवार शिक्षा भोगायला येत. त्याने अशा १२० स्त्रियांची माहिती जमवली. त्यांना मिळून ६०० मुले झाली होती, त्यांतली ३३५ मृत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत दगावली. शंभरात जवळजवळ ५६. आता कुणी म्हणेल, त्या काळी गरिबांची मुले दगावतच असत. सलिव्हनलाही ते ठाऊक होते. म्हणून त्याने यांतल्याच काही स्त्रियांच्या न पिणाऱ्या बहिणी, मुली अशा जवळच्या नातेवाईक शोधल्या. म्हणजे रक्त तेच आणि परिस्थिती बरीचशी तीच. अशा २८ स्त्रियांच्या १३८ मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरात २४ निघाले. निम्म्याहून कमी! जसजसे बाळंतपण पुढचे, तसतसे मूल वाचण्याची शक्यता कमी, हेही त्याने नोंदवले.

त्याची सर्वांत मोलाची नोंद वेगळीच आहे. आधीची मुले गमावलेल्या काही स्त्रिया गरोदर असताना तुरुंगात आल्या. तुरुंगात दारू नाही. त्यांना झालेले मूल धडधाकट निघाले. बाई तीच होती आणि तिची आनुवंशिकताही तीच. बदलले होते एवढेच की पोटातल्या बाळापर्यंत दारू पोचत नव्हती. प्रयोगशाळेत आखून करता आला नसता असा हा प्रयोग तुरुंगाच्या भिंतींनी करून दाखवला. हे सारे १८९९ साली छापले गेले. तिथेच प्रश्न निकालात निघायला हवा होता.

निघाला नाही, कारण दारू हा तेव्हा शास्त्राचा विषय राहिलाच नव्हता. तो धर्माचा, राजकारणाचा, दारूबंदी चळवळीचा विषय झाला होता. चळवळीतल्या उत्साही मंडळींनी सलिव्हनच्या आकड्यांबरोबर हवे ते दावे जोडले आणि बापाने एकदा घेतलेल्या पेल्याने सात पिढ्या बुडतात इथवर मजल गेली. त्याची उलट प्रतिक्रिया येणारच होती. १९१० साली लंडनमध्ये एथेल एल्डरटन आणि संख्याशास्त्रातले मोठे नाव कार्ल पिअर्सन यांनी शाळकरी मुलांच्या माहितीवरून दाखवले की पिणाऱ्यांची मुले न पिणाऱ्यांच्या मुलांपेक्षा फारशी कमी नसतात. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. पण मोठ्या माणसाच्या नावाचे वजन पडायचे ते पडलेच. शाळेपर्यंत पोचलेल्या मुलांची मोजदाद केली, तर न पोचलेल्यांचे काय, हा साधा प्रश्न मागे पडला.

पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी झाली आणि फसली. तिच्या फजितीबरोबर दारूविरुद्ध बोललेले सगळेच हास्यास्पद ठरले, खरे होते तेसुद्धा. १९४२ साली येल विद्यापीठाच्या हॅगार्ड आणि जेलिनेक या दोन मान्यवरांनी लिहिले की मद्यपी आईबापांच्या मुलांतले दोष वाईट आनुवंशिकतेमुळे आणि घरातल्या वातावरणामुळे येतात, दारूमुळे नव्हे. १९६०च्या दशकात अॅशली माँटेग्यू या लोकप्रिय मानववंशशास्त्रज्ञाने तर आईने कितीही दारू प्यायली तरी गर्भाच्या वाढीवर परिणाम होत नाही, असे ठामपणे सांगून टाकले. आणि याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये डॉ. फ्रिट्झ फुक्स अकाली कळा थांबवण्यासाठी गरोदर स्त्रियांना शिरेतून अल्कोहोल देत होते. कळा थांबत, हे खरे. हा उपचार पुढे अनेक ठिकाणी पसरला आणि १९७०च्या दशकातही चालू होता. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. वार म्हणजे अभेद्य तटबंदी, तिच्या आत बाळ सुरक्षित, ही समजूतच इतकी घट्ट होती.

त्या तटबंदीला मात्र तोवर भगदाडे पडलेली होती. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले होते की गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येऊ शकते. १९६१ साली थॅलिडोमाइड या निर्धोक म्हणून विकल्या गेलेल्या गोळीने हातपाय न वाढलेली हजारो मुले जन्माला घातल्याचे उघड झाले. त्यानंतर आईच्या पोटात काय काय शिरू शकते, याकडे डॉक्टर नव्या नजरेने पाहू लागले.

सिअॅटलच्या शोधाची सुरुवात एका शिकाऊ डॉक्टरपासून झाली. ख्रिस्ती उलेलँड ही बालरोग विभागात काम करत होती. काही तान्ही मुले खाऊपिऊ घालूनही वाढत नव्हती. त्यांच्या कागदपत्रांत तिला आईचे व्यसन पुन्हा पुन्हा दिसू लागले. तिने असल्या मुलांची नोंद ठेवली आणि वरिष्ठांना सांगितले. तिच्यामुळे मद्यपी आयांची आठ मुले एकत्र तपासायला आणली गेली. तपासणारे होते डेव्हिड स्मिथ, जन्मजात व्यंगांचे त्या काळातले थोर जाणकार, आणि त्यांचे तरुण सहकारी केनेथ लायन्स जोन्स. मानसशास्त्रज्ञ अॅन स्ट्राइसगूथ सोबत होत्या. आठांपैकी चार मुलांचे चेहरे सारखे आहेत, हे जोन्स आणि स्मिथ यांना दिसले. पुढे आणखी चारांची भर पडून लॅन्सेटमधली आठ झाली. पातळ वरचा ओठ आणि नाक-ओठांमधली सपाट झालेली पन्हळ या आज प्रसिद्ध असलेल्या खुणा नंतर जोडल्या गेल्या.

लेख छापून आल्यावर कळले की हे सारे फ्रान्समध्ये आधीच लिहिले गेले होते. नाँत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लमवान यांनी १९६८ साली मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन छापले होते : तोच चेहरा, तीच खुंटलेली वाढ, तोच चंचलपणा. नियतकालिक प्रादेशिक, भाषा फ्रेंच आणि देश वाइनचा. कुणी लक्ष दिले नाही.

सिअॅटलकरांच्या दुसऱ्या लेखात एक गोष्ट होती, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जन्मल्यावर काही दिवसांतच दगावलेल्या एका बाळाच्या शवविच्छेदनाची ती हकिकत होती. त्या मेंदूवर नेहमीच्या घड्या जवळजवळ नव्हत्या, तो गुळगुळीत होता. गर्भात चेतापेशी मेंदूच्या आतल्या भागात जन्मतात आणि प्रवास करत बाहेरच्या थरात आपापल्या जागी जाऊन बसतात. इथे तो प्रवास बिघडला होता. काही पेशी वाटेत अडकल्या होत्या, काही हद्द ओलांडून मेंदूच्या आवरणात जाऊन पसरल्या होत्या. १९७८ साली स्टर्लिंग क्लॅरन आणि सहकाऱ्यांनी अशा चार बाळांच्या मेंदूंचा अभ्यास छापला. चौघांच्याही मेंदूत हाच बिघाड होता. मात्र बाहेरच्या खुणांवरून निदान करता आले असते, अशी चारांपैकी दोनच. उरलेल्या दोघांच्या चेहऱ्यावर काही लिहिलेले नव्हते.

असे का, हे नंतरच्या प्रयोगांनी उलगडले. कॅथलीन स्युलिक यांनी १९८१ साली गाभण उंदरांना सातव्या दिवशी अल्कोहोल दिले. पिलांच्या तोंडावर नेमकी तीच लक्षणे उमटली, आणि मेंदूचा पुढचा भागही अपुरा राहिला. उंदराचा सातवा दिवस म्हणजे माणसाच्या गर्भाचा साधारण तिसरा आठवडा. पाळी चुकल्याचे बाईच्या जेमतेम लक्षात येते, तो काळ. चेहरा घडण्याची खिडकी इतकी अरुंद आहे. मेंदूचे घडणे मात्र नऊ महिने चालते आणि जन्मानंतरही थांबत नाही. २००० साली सेंट लुईचे जॉन ओल्नी, क्रिसान्थी इकोनोमिडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात दिवसांच्या उंदराच्या पिलांना अल्कोहोल दिले. त्यांच्या मेंदूची ती अवस्था माणसाच्या गर्भाच्या शेवटच्या महिन्यांशी जुळते. लाखो चेतापेशींनी जणू आतूनच आपला दिवा मालवून घेतला. अल्कोहोल चेतापेशींमधले एक उत्तेजक दार बंद करते आणि एक शामक दार जास्त उघडते. वाढत्या पेशीला निरोप मिळेनासे झाले की आपली गरज संपली असे धरून ती मरते. चेहरा तोवर केव्हाच घडून गेलेला असतो. तो जसाच्या तसा राहतो.

दारू तिथवर पोचते कशी, हेही थोडक्यात सांगतो. अल्कोहोलचा रेणू लहान असतो, तो वारेतून सहज पार होतो आणि थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातले प्रमाण आईच्या रक्ताइतके होते. ते मोडायला लागणारी सामग्री बाळाच्या यकृतात जवळजवळ नसते. बाळ ते गर्भजलात टाकते आणि तेच पुन्हा गिळते.

१९९०च्या दशकात सॅन दिएगोमध्ये एडवर्ड रायली, सारा मॅटसन आदींनी जिवंत मुलांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे काढली. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल, ज्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात, तो काही मुलांत बारीक होता आणि थोड्या मुलांत नव्हताच. लहान मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला होता. मॅटसन आणि रायली यांनी १९९७ साली आणखी एक गोष्ट दाखवली : गर्भात भरपूर दारू पोचलेल्या, पण चेहरा सर्वसाधारण असलेल्या मुलांचा बुद्ध्यंकही तसाच घसरलेला असतो.

अशी मुले वर्गात कशी दिसतात? बोलायला चुणचुणीत असतात, म्हणून फसगत होते. काल आलेले गणित आज कोरे. पैशाचा हिशेब, घड्याळातली वेळ, ‘असे केले तर तसे होईल’ हा धागा त्यांच्या हाती लागत नाही. एकच चूक दहा वेळा होते, शिक्षेने सुधारत नाही आणि शिक्षक म्हणतात, हा मुद्दाम करतो. चार सूचना एकदम दिल्या तर पहिलीही राहून जाते, एकेक दिली तर जमते.

अॅन स्ट्राइसगूथ यांनी हीच मुले पुढे अनेक वर्षे नजरेखाली ठेवली. १९९६ साली त्यांनी ४१५ जणांचा अभ्यास पुरा केला. सहा वर्षांच्या आत निदान झाले आणि स्थिर, मायेचे घर मिळाले, तर पुढची तुरुंग, व्यसन, बेघरपणा ही संकटे कमी होतात, असे त्यांना आढळले. पण दुसरा निष्कर्ष चटका लावणारा होता. चेहऱ्याच्या पूर्ण खुणा असलेल्यांपेक्षा अर्धवट खुणा असलेल्यांचे हाल जास्त झाले होते. ज्यांचा चेहरा सांगत होता, त्यांना निदान मिळाले, सवलती मिळाल्या. ज्यांचा सांगत नव्हता, त्यांना आळशी, खोटारडा, वाया गेलेला ही बिरुदे मिळाली. चेहऱ्याने शोधाचे दार उघडले हे खरे, पण त्याच दारातून बहुतेक मुलांना आत घेतले गेले नाही. १९९६ सालीच अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने चेहऱ्याच्या खुणा नसलेल्या, केवळ मेंदूच्या इजेसाठी वेगळा वर्ग केला. तोवर पहिल्या लेखाला तेवीस वर्षे झाली होती.

दोष कुणाचा, हा प्रश्न इथे येतोच, आणि तो फार पटकन आईवर येऊन थांबतो. मला दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आठवते. वेस्टर्न केप प्रांतातल्या द्राक्षमळ्यांत मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची ‘डॉप’ नावाची पद्धत वसाहतकाळापासून होती. १९६०च्या दशकात कायद्याने ती बंद झाली, मळ्यांतून ती पुढेही रेंगाळली. तिथल्या एका गावातल्या पहिलीच्या मुलांची तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली. हजारी ४० ते ४६ मुलांना हा आजार होता, तोवर जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या प्रमाणापेक्षा जास्त. पिढ्यान्‌पिढ्या पगार म्हणून दारू हातात ठेवणारा मळेवाला या हिशेबात कुठे धरायचा?

इशारे हळूहळू आले. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी १९८१ साली गरोदर स्त्रियांना दारू टाळायला सांगितले, १९८९ पासून तिथल्या बाटल्यांवर तसा मजकूर आला. २०१६ साली ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही थोडी चालेल ही भाषा सोडून अजिबात नको असे म्हटले, कारण सुरक्षित असे प्रमाण कुणालाच दाखवता आलेले नाही. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून बाटलीवर सक्तीचा इशारा आहे. मद्य आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढाच त्याचा आशय. त्यात गरोदरपणाचा उल्लेख नाही.

त्याचे कारण कळण्यासारखे आहे. आपल्याकडे दारू म्हटले की डोळ्यांसमोर पिणारा नवरा आणि मार खाणारी बायको येते. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली ती त्या नवऱ्यांपायी. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी १.३ टक्के मद्य घेतात असे निघाले, पुरुषांत हे प्रमाण १८.८ टक्के. पण ही सरासरी आहे. अरुणाचल प्रदेशात स्त्रियांतले प्रमाण सुमारे २४ टक्के आहे. आणि विचारणार कोण? गरोदर बाईची माहिती लिहून घेताना दारूबद्दल विचारायला माझ्या व्यवसायातले लोक संकोचतात, तिला वाईट वाटेल म्हणून. पुढे वर्षानुवर्षे तिच्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणताना मात्र कुणी संकोचत नाही.

नाँतच्या डॉ. लमवान यांची गोष्ट राहिली. ज्यांच्या लेखाकडे कुणी पाहिले नव्हते, त्या या गृहस्थांनी म्हातारपणी आपली जुनी मुले शोधून काढायचे ठरवले. प्रौढ झालेल्या १०५ जणांचा त्यांना पत्ता लागला आणि १९९२ साली त्यांनी त्यांची हकिकत छापली. चेहरे बदलले होते. नाके लांबली होती, हनुवट्या भरल्या होत्या, आणि लहानपणीची ती खूण आता सहज ओळखू येत नव्हती. मनाची आणि बुद्धीची दुखणी होती तिथेच होती.